ऐकलेली गोष्ट कोणाची?



अडतीस वर्षे शाळेत आणि निवृत्तीनंतर घरात मी मुलांना एकच सांगत आले, की खरे बोलावे आणि काही लपवू नये. ही दोन्ही एकाच गोष्टीची नावे आहेत असे मला वाटे. ती तशी नाहीत, हे मला माझ्या नातवंडाने गेल्या वर्षी शिकवले.

‘नातवंड’ म्हटले; नातू की नात हे सांगायचे बाई विसरल्या असे कोणाला वाटेल. विसरले नाही. त्याचे कारण पुढे येईलच. हा लेख मी आधी त्याला हिब्रूत सांगितला. दोन ठिकाणी त्याने खोडायला लावले, ते खोडले आहे. त्याच्या आईबापांनाही आता सर्व ठाऊक आहे, तेव्हा येथे कोणाचे गुपित फुटत नाही.

13 जून 2025 च्या पहाटे इराणशी युद्ध सुरू झाले आणि देशाचे आकाश बंद झाले. माझी लेक व जावई एका लग्नासाठी मुंबईस गेलेले, ते तिकडेच अडकले. सोळा वर्षांचे नातवंड अश्दोदला माझ्यापाशी राहिले. आमची इमारत जुनी. घरात ममाद नाही, तळघरात सर्वांचा मिळून एक मिकलात. सायरन झाला की चार मजले उतरायचे. मोठा आवाज त्याला लहानपणापासून सहन होत नाही. पुरीमच्या दिवशी मेगिला वाचताना ते बाहेर अंगणात उभे राहते. मालिदासुद्धा ते पोहे वेगळे, खोबरे वेगळे, फळे वेगळी करून खाते. मिकलातमध्ये ते कानांवर मोठे हेडफोन चढवून भिंतीकडे तोंड करून बसे, आणि हातात फोन.

शेजारच्या बाई म्हणाल्या, “दार लागले की फोन! इतकी माणसे बसली आहेत, त्यांच्याशी दोन शब्द बोलायला काय होते?” मी मान डोलावली. मलाही तसेच वाटत होते.

तिसऱ्या की चौथ्या रात्री मी त्याच्या शेजारी टेकले आणि माझी नजर पडद्यावर गेली. सातजण लिहीत होते. एक हैफाचे, एक बेर शेवाचे, एक रमात गानचे, एक तर ब्यूनोस आयरिसचे, जिथे तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. जो तो एकच शब्द लिहीत होता, “आत.” म्हणजे मी मिकलातमध्ये पोचलो किंवा पोचले. सहांचा शब्द आला. बेर शेवाचा आला नाही. अकरा मिनिटे आला नाही. माझ्या नातवंडाचा हात थरथरत होता. मग एकदम तीन ओळी आल्या: नेट गेले होते, ठीक आहे, आत आहे. त्याने डोके भिंतीला टेकले. त्या मिकलातमध्ये आम्ही पंचवीस माणसे होतो, आणि कोणी कोणाची त्याच्याइतकी काळजी केलेली मी पाहिली नाही. मला माझ्या डोलावलेल्या मानेची शरम वाटली.

आणि दुसरी गोष्ट मी पाहिली. ती मुले त्याला ज्या नावाने हाक मारीत होती, ते नाव मी कधी ऐकले नव्हते.

वर आल्यावर मी चहा टाकला. पहाटेचे साडेतीन झाले असतील. मी विचारले, “ते नाव कोणाचे?” ते म्हणाले, “माझे.” मग बऱ्याच वेळाने, कपाकडे बघत, त्याने सांगितले. मुलगा आणि मुलगी असे जे दोन खण जगाने केले आहेत, त्यांतल्या कुठल्याही एकात ते पुरते बसत नाही. नक्की काय ते अजून त्यालाच शोधायचे आहे. आणि त्याचे मन जिच्यावर किंवा ज्याच्यावर जाईल ते माणूस आम्ही गृहीत धरतो तसले असेलच असे नाही. आजकालची मुले यासाठी ‘क्विअर’ हा इंग्रजी शब्द हिब्रूतही वापरतात. शेवटी म्हणाले, “सावता, इमा-अब्बांना सांगू नकोस.”

मी लगेच हो म्हटले नाही. त्याचे कारण पस्तीस वर्षे जुने आहे.

1991 साली मी सहावीच्या वर्गाला हिब्रू शिकवत होते. स्वतः माझगावच्या सर एली कदूरी शाळेत मराठी व्याकरण घोकलेली मी, इथे येऊन उल्पानपासून सुरुवात करून हिब्रूची शिक्षिका झाले, त्याचा मला मोठा अभिमान. क्रियापदाची एक चूक माझ्या नजरेतून सुटत नसे. ‘माझी सुट्टी’ या विषयावर एका मुलाने निबंध लिहिला. सकाळी उठते, खिडकीत बसते, विचार करते. सगळी क्रियापदे स्त्रीलिंगी: कामा, योशेवेत, खोशेवेत. मी प्रत्येकाभोवती लाल शाईने वर्तुळ काढून शेजारी पुल्लिंगी रूप लिहिले. दुसऱ्या निबंधात पुन्हा तसेच. मी पुन्हा दुरुस्त केले. तिसऱ्या वेळी मला कळले की ही चूक नव्हे. मी त्याच्या वडिलांना बोलावले आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दोन पाने वाचली, वहीची घडी केली, खिशात घातली आणि काही न बोलता निघून गेले. त्यानंतर त्या मुलाची एकही चूक झाली नाही. वाक्ये मात्र चार-चार शब्दांची झाली. हनुक्काच्या आधी त्याने शाळा सोडली. पुढचे मला ठाऊक नाही.

तेव्हा मी काय विचार केला होता? पालकांना माहीत असायला हवे, एवढाच. खोटे काही सांगितले नव्हते. इस्राएलच्या कायद्यातून पुरुषांमधील संबंधांविषयीचे कलम 1988 सालीच निघाले होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि असते तरी फरक पडला असता असे वाटत नाही. 1998 साली दाना इंटरनॅशनल युरोव्हिजन स्पर्धा जिंकली तेव्हा आमच्या घरी सर्वांनी टाळ्या पिटल्या, आणि त्याच संध्याकाळी तिच्यावर विनोदही झाले. मीही हसले. 1 ऑगस्ट 2009 च्या शनिवारी रात्री तेल अवीवमध्ये अशा मुलांच्या भेटण्याच्या जागी एकाने गोळीबार केला. दोघे ठार झाले, दहांहून अधिक जखमी झाले. जखमींपैकी काहींच्या घरच्यांना आपले मूल तिथे जाते हे त्या रात्रीच कळले, असे बातम्यांत आले. तेव्हा मला ती खिशात गेलेली वही आठवली. तोवर अठरा वर्षे झाली होती.

तर प्रश्न असा. एखाद्याने आपल्याविषयी सांगितलेली खरी गोष्ट, ज्याने ऐकली त्याची होते काय?

आपल्या धर्मात याचे उत्तर सोपे नाही, आणि त्याचे मला बरेच वाटते. तालमूदच्या योमा भागात पंडितांनी सांगितले आहे की कोणी आपल्याला काही सांगितले तर ‘जा, सांग’ असे त्याने म्हणेपर्यंत ते दुसऱ्यास सांगू नये. म्हणजे परवानगी मागून मिळवायची. मनाई केली नव्हती हे पुरेसे नाही. वायिक्रा 19 मधल्या सोळाव्या वचनात चहाडी करीत फिरू नको असे आहे; आणि त्याच वचनाच्या उत्तरार्धात, शेजाऱ्याचे रक्त सांडत असता स्वस्थ उभा राहू नको असेही आहे. एकाच वचनात दोन्ही! तोंड बंद ठेव, आणि वेळ आली तर गप्प बसू नको. कोणती वेळ कोणती, हे ओळखायचे काम आपल्यावर सोडले आहे.

कोणी म्हणेल, बाई, 19 वा अध्याय सांगता, 18 वा का नाही? योम किप्पूरच्या मिनखाला तो वाचतात, मी दरवर्षी ऐकते, आणि त्यातले कोणते वचन तुमच्या मनात आहे तेही मला कळते. त्यावर पंडितांशी वाद घालण्याइतके माझे ज्ञान नाही. पण ते वचन ऐकताना त्या बाकांवर बसून खाली बघणारी मुले प्रत्येक बेत क्नेसेतमध्ये आहेत, एवढे मला आता कळते. आणि ज्यांना स्त्री वा पुरुष एका खणात घालता येत नाही अशा माणसाचा विचार मिश्नाने बिक्कुरीमच्या चौथ्या अध्यायात केलेला आहे: कोठे तो पुरुषासारखा, कोठे स्त्रीसारखा, कोठे दोघांसारखा, कोठे कोणासारखाच नाही. तिथे गोष्ट शरीराची आहे, मनाची नव्हे, हे खरे. तरी जुन्या पंडितांना दोन खणांबाहेरचे माणूस दिसले आणि त्यांनी त्याला कायद्यात जागा करून दिली, हे मला लक्षात ठेवण्यासारखे वाटते.

आता नावाचे. माझ्या एका भाचीने ऐकून म्हटले, “म्हणजे तिकडे खोटे नाव घेऊन वावरते!” मी तिला विचारले, आपण या मुलांना लहानपणापासून काय पढवले? अनोळखी माणसाला नाव-पत्ता सांगू नका. त्यांनी ते ऐकले, आणि आता आपणच त्यांना खोटारडे म्हणतो. शिवाय दोन नावांचे आपल्याला कधीपासून वावडे? 1796 साली मुंबईत आपले पहिले सिनॅगॉग, शाआर हाराहामीम, ज्यांनी बांधले ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर गावात सामाजी हसाजी होते. प्रार्थनेत एक नाव, बाजारात दुसरे. आमच्या शेजारच्या हिंदू घरांत लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळावर नवरीचे नवे नाव लिहीत. त्या मुलीला कोणी खोटी म्हटले नाही. मग एका सोळा वर्षांच्या मुलाने स्वतःचे नाव स्वतः ठेवले तर तेवढेच खोटे का?

खरे म्हणजे आपल्या लोकांना हे लवकर कळायला हवे. 1962 साली इथल्या मुख्य राब्बींच्या आदेशाने बेने इस्राएल वधूवरांची आई, तिची आई, तिचीही आई, जमेल तितके मागे जाऊन तपासू लागले, की ही माणसे खरी यहूदी का. 1964 साली आपल्या लोकांनी यरुशलेममध्ये धरणे धरले, सरकारने बाजू घेतली, तेव्हा कोठे त्या आदेशातून आपले नाव निघाले. मी आले 1979 साली, पण माझ्या मावशीच्या तोंडी ते दिवस कायम होते. तिला सर्वांत काय लागले असेल तर ते असे, की तू कोण हे तुला न विचारता दुसऱ्यांना विचारत होते.

उद्या याचे मत बदलले तर, असे लेकीनेही नंतर विचारले. बदलेल कदाचित. नाव आणि क्रियापद परत बदलता येते, त्याला खर्च नाही. औषधोपचाराचा प्रश्न आलाच तर तो वेगळा आहे, तो डॉक्टर आणि आईबाप बघतील. त्यात आजीने नाक खुपसू नये असे माझे मत आहे.

नेटवर ही मुले इतकी का रमतात, याविषयीही थोडे सांगते, कारण मला ते मुळीच कळत नव्हते. माझे नातवंड सात वर्षांचे असताना डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. हा शब्द ज्याने केला त्याने अकरा मिनिटे त्या हाताचा थरकाप पाहिलेला नसावा. समोरासमोर बोलताना शब्द, आवाज, चेहरा, डोळे, खोलीतला पंखा, सर्व एकदम येते. लिहिलेले एकेक येते आणि थांबून राहते. म्हणून ती लिहितात. वाक्याच्या शेवटी तिरकी रेघ काढून एक अक्षर घालतात: हे थट्टेने, हे गंभीरपणे, हे उपरोधाने. मी हसले तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही लोक हे चेहऱ्याने करता आणि मग आम्हाला कळले नाही म्हणून रागावता.” डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या इंग्रज अभ्यासकाने 2012 साली हेच मांडले, की न कळणे दोन्ही बाजूंनी असते. आणि मीही पत्रांच्या पिढीतली बाई. मुंबईला आईला निळ्या एअरोग्रामवर जे लिहिले, ते तोंडाने एकदाही बोलले नाही. ती पत्रे पडद्यावर आली असती तर मलाही कोणी म्हटले असते, खऱ्या माणसांशी बोल.

ऑटिझम आणि लिंगभावाचे प्रश्न पुष्कळदा एकत्र येतात हेही मला ठाऊक नव्हते. 2020 साली केंब्रिजच्या संशोधकांनी सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली. जन्मावेळी सांगितलेले लिंग ज्यांना आपले वाटत नाही अशांमध्ये ऑटिझमचे प्रमाण इतरांच्या तिपटीपासून सहापटीपर्यंत निघाले. कारण अजून वादात आहे. जिम सिंक्लेर या अमेरिकेतल्या ऑटिस्टिक कार्यकर्त्याने 1993 साली पालकांना सांगितले, की आमच्यासाठी शोक करू नका, तुमचे मूल मेलेले नाही, ते समोर उभे आहे. हे सिंक्लेर स्वतःला स्त्री वा पुरुष म्हणवीत नसत, इंग्रजीत ‘न्यूटर’ म्हणत. म्हणजे आपले नपुंसकलिंग.

येथे मला माझ्या जुन्या विषयाकडे वळू द्या. हिब्रूत वर्तमानकाळात ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ वेगळे, होलेख आणि होलेखेत. ‘तू’सुद्धा आता आणि आत असा वेगळा. पण भूतकाळी हालाख्ती, भविष्यकाळी एलेख, बोलणारा कोणीही असो. माझे नातवंड त्याच्या मित्रांत शक्य तितके भूत आणि भविष्यकाळात लिहिते. वर्तमानकाळ टाळते! मी व्याकरणाची शिक्षिका असून मला हे कधी सुचले नव्हते. मग मी आपली मराठी उलगडून दाखवली. ‘मी जाईन’ला लिंग नाही. ‘मी भात खाल्ला’ यात लिंग भाताचे, माझे नव्हे. ‘आम्ही जातो’, ‘तुम्ही जाता’ सर्वांना चालते. आणि तिसरे लिंग तर आहेच: ते मूल, ते लेकरू, ते पोर, ते नातवंड. हे ऐकून ते इतके खूश झाले की दिवसभर ‘नातवंड, नातवंड’ घोकत होते. मोठ्या माणसाला ‘ते ध्यान’ म्हणतो तेव्हा हेच लिंग शिवी होते, तेही मी सांगितले. अर्धेच सांगणे बरे नव्हे.

नेटवर सर्व गोड आहे असे म्हणत नाही. ‘मरून जा’ असे त्याला लिहिणारे आहेत. मला दाखवले, एकाच दिवसात चार. एक मोठा माणूस आपण सतरा वर्षांचा म्हणून त्यांच्यात शिरला होता, त्याला मुलांनीच ओळखून हाकलले. पहाटेपर्यंत जागणे तर मला अजिबात पसंत नाही आणि ते मी रोज सांगते.

म्हणून त्या पहाटे मी त्याला असे म्हटले: “तुझी गोष्ट मी कोणाला सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे, तुझ्याकडून किंवा दुसऱ्याकडून, असे मला दिसले, तर मी गप्प बसणार नाही, आणि आधी तुलाच सांगून मग सांगेन.” त्याने विचार केला आणि म्हणाले, “बेसेदेर. पण धोका कशाला म्हणायचे ते लिहून ठेवू या.” आम्ही खरोखर लिहिले. पाच ओळी. तो कागद फ्रिजच्या मागे खोचला आहे.

विमाने सुरू झाल्यावर लेक परतली. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, “आई, ते तुझ्याशी काही बोलले का?” मी म्हटले, “बोलले. पण ते त्याचे आहे, तूच त्याला विचार, आणि विचारताना घाई करू नकोस.” तिला फार लागले. “मी त्याची आई आहे,” म्हणाली, आणि पाच आठवडे तिने मला फोन केला नाही. तिचे चुकले असे मला वाटत नाही. आईला बाहेर ठेवले गेले होते, आणि दाराशी मी उभी होते. ते पाच आठवडे मी रोज त्या वहीचा विचार केला, नाहीतर मी केव्हाच फोन उचलला असता. सुक्कोतच्या दिवसांत नातवंडाने स्वतः सांगितले. तोंडाने नव्हे, शेजारच्या खोलीतून आईच्या फोनवर लिहून. लेकीने उत्तर लिहायला अर्धा तास घेतला. काय लिहिले ते मला दोघांनीही सांगितलेले नाही, आणि मी विचारलेले नाही. जावई अजून जुन्याच नावाने हाक मारतो, आणि प्रत्येक वेळी थबकतो.

त्या 1991 च्या मुलाविषयी मी नातवंडाला पुष्कळ दिवसांनी सांगितले. त्याने विचारले, “शोधलेस का?” मी म्हटले, “कोणत्या नावाने शोधू?” ते गप्प झाले. मी म्हटले, या लेखात लिहीन. ते म्हणाले, “मराठीत? त्या माणसाला मराठी येते का?” येत नाही.

तेव्हा आता हिब्रूत लिहायला बसले आहे. नाव, गाव, शाळा काही द्यायचे नाही, फक्त वर्ष आणि ‘माझी सुट्टी’ हा विषय. पहिल्याच शब्दाला अडले: आता लिहू की आत? ‘तू’ म्हटल्यावाचून पत्र कसे लिहायचे? नातवंडाने खांद्यावरून वाचून म्हटले, “सावता, सगळे ‘मी’नेच लिही. भूतकाळात. केले तूच आहेस ना?” एक शब्द लिहून झाला आहे: तिकान्ती, मी दुरुस्त केले.